गेटवरचा दुसरा शर्ट

आमच्या मामाचं एक ठाम मत होतं: कंत्राट बदललं तरी जागा सोडायची नाही. वॉचमन पुरवणारी नवी एजन्सी येते, गेटवर जो उभा दिसेल त्याला आपला शर्ट देते, की झाली नोकरी पक्की. पालिकेच्या कर भरायच्या इमारतीवर मामाने असे कितीतरी शर्ट बदलले. निळा गेला, खाकी आला, आतला मामा तोच. मलाही तिथे त्यानेच चिकटवलं.

"माणूस कोण बघतंय गं," तो म्हणायचा, "गेट रिकामं नाही ना, एवढंच बघतात."

या वेळी मात्र घोळ झाला. नव्या एजन्सीने मला ठेवलं आणि मामाला वय झालं म्हणून काढलं. सुपरवायझर म्हणाला, "काका, आता घरी आराम करा." घरी! मामी गेल्यापासून त्या खोलीत होतं काय? एक खाट, एक स्टोव्ह आणि चार भिंती. गेटवर निदान येणारे-जाणारे "काय मामा, बरं ना?" म्हणून विचारायचे. मी तडक पालिकेच्या साहेबांकडे गेले. सगळ्या इमारतींची सुरक्षा हेच बघतात, मामाला चांगले ओळखतात. त्यांनी सरळ हात वर केले. "बाई, आमचा करार एजन्सीशी आहे. माणसं त्यांची. त्यात आम्ही पडत नाही."

मामा ऐकतोय थोडाच! दुसऱ्या दिवशी जुन्या शर्टाला इस्त्री करून माझ्या शेजारी हजर.

"मामा, शोभतं का हे?" मी करवादले.

"तू गप गं. बघच आता."

आणि झालंही तसंच. करारात त्या गेटवर दोन माणसं होती, एजन्सीने पाठवलं होतं मला एकटीला. साहेब फेरीला आले, गाडीतून न उतरता बोट नाचवत "एक, दोन" मोजलं आणि गेले. सुपरवायझर बघत होता. संध्याकाळी मामाला राखाडी शर्ट मिळाला. कोणाचा तरी वापरलेला, खिसा उसवलेला.

"आणि नोकरीचं कार्ड?" मी विचारलं.

"होईल हो ताई, मागाहून."

फुकटात माणूस मिळाल्यावर कार्ड कोण करतंय? मी मामाला हे तोंडावर सांगितलं. तो हसला. "कामापुरता मामा तर कामापुरता मामा. काम तर आहे ना!" राखाडी दोरा नव्हता, म्हणून त्याने खिसा निळ्या दोऱ्याने शिवला आणि ऐटीत उभा राहिला. मलाच मेलीला वाटलं, असू दे, आनंदात आहे तर आहे.

कर भरायच्या शेवटच्या दिवशी ही गर्दी उसळली. खिडक्या बंद व्हायची वेळ झाली, आतून हुकूम आला, गेट लावा. ते चाकावरचं लोखंडी गेट रुळातून निसटायचं. सांगून सांगून तोंड दुखलं होतं. पालिका म्हणे एजन्सीने बघावं, एजन्सी म्हणे इमारत पालिकेची. लोकांनी बाहेरून रेटा दिला. "पोरी, बाजूला हो," म्हणत मामाने खांदा लावला. गेट रुळातून निघालं आणि त्याच्या अंगावर कोसळलं.

खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता आधाराशिवाय उभं राहणं विसरा. मामाच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते, तेवढ्यात सुपरवायझर घामाघूम होऊन धावत आला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, माणुसकी आहे मेल्यात.

"शर्ट कुठाय?" त्याने विचारलं.

पिशवीतून त्याने शर्ट काढला, घडी घालून काखेत मारला. "एजन्सीचा माल आहे. आणि ताई, काका कर भरायला आले होते. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. तुमची नोकरी शाबूत आहे अजून."

मी त्याला नाही नाही ते बोलले. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शर्ट घेऊन गेला.

मग साहेबांना गाठलं. "तुम्ही रोज दोन मोजत होतात. दुसरा कोण होता मग?"

"एजन्सी म्हणते, त्यांचं कोणी जखमी नाही," साहेब मान वर न करता म्हणाले. "तुम्ही त्यांच्याच ना? मग त्यांच्याशी बोला."

सकाळी मी कामावर गेले. न जाऊन करते काय, मामाची औषधं आभाळातून पडणार होती? गेट दोरीने बांधलेलं होतं. शेजारी एक नवीन म्हातारा ताठ उभा होता. राखाडी शर्ट, खिशाला निळा दोरा.

"आजच दिला," तो खुशीत म्हणाला. "कार्ड मागाहून देणार आहेत."

साहेबांची गाडी आली. बोट नाचलं, एक, दोन, आणि गाडी पुढे गेली.

संध्याकाळी मामा शुद्धीवर होता. पहिला प्रश्न, "माझा शर्ट कुठाय गं?"

"धुवायला टाकलाय."

"खिसा सांभाळ, परत उसवेल. आणि माझ्या जागेवर कोण आहे?"

"कोणी नाही, मामा. रिकामीच आहे."

"अगं, मग असं झोपून कसं चालेल?" म्हणत तो उठायला बघू लागला.