ऐकलंत ना?

पुढच्या सीटवरच्या चष्मेवाल्या बाईंचे ओठ हलले आणि गाईडकाका सावध झाले. बाईंनी काहीतरी विचारलं होतं. काय, ते देव जाणे. बस पुलावर होती, खाली नदी होती, तेव्हा प्रश्न पुलाचा असणार किंवा नदीचा. काकांनी अंदाजाने पुलाची हकीकत सुरू केली. बाईंचा चेहरा खुलला. सुटलो बुवा, असं मनात म्हणत काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

शहर दाखवणाऱ्या या बसवर काकांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. जुना राजवाडा, संग्रहालय, पूल, घंटाघर, झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा सांगतील. कान मात्र दगा द्यायला लागले होते. घरी त्याचं हसू व्हायचं. बायको स्वयंपाकघरातून काही बोलली की काका आपले ‘हो’ म्हणून मोकळे. त्या ‘हो’च्या भरवशावर मेहुणी महिनाभर मुक्काम ठोकून गेली होती. बसवर मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं. मागच्या आठवड्यात एका गृहस्थांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं, तर काकांनी त्यांना राजघराण्याची वंशावळ ऐकवली. गृहस्थांनी तक्रार केली आणि आज नवे साहेब स्वतः बसच्या मागच्या सीटवर येऊन बसले होते.

बायको सकाळी समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली होती, “सांगून टाका ना एकदाचं. खाऊन टाकणार आहेत का तुम्हाला?”

“सांगितलं की घरी बसवतील,” काका म्हणाले. “घरात बसून मी कोणाला काय दाखवू?”

त्यांना धास्ती होती ती याचीच. लोकांपुढे बोलणं थांबलं की आपण उरणार किती, या विचाराने त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

बारा वाजत आले तेव्हा बस घंटाघराच्या चौकात थांबली. काकांनी सगळ्यांना उतरवून मनोऱ्यासमोर उभं केलं. ड्रायव्हर खिडकीतून हातवारे करत काहीतरी ओरडत होता. सकाळीही इंजिनाच्या घरघरीत त्याने काही सांगितलं होतं. काकांनी तेव्हाही मान हलवली होती, आताही हलवली.

घंटा त्यांना कधीचीच ऐकू येत नव्हती. पण त्यांनी युक्ती शोधली होती. पहिला ठोका पडला की मनोऱ्यावरची कबुतरं भर्रकन उडायची. त्यांच्यावर नजर ठेवायची, मग मनातल्या मनात बारापर्यंत मोजायचं.

“आता कोणी बोलू नका,” बोट वर करून ते म्हणाले. “हा आवाज ऐकायला लोक कुठून कुठून येतात.”

कबुतरं उडाली. काकांनी डोळे मिटून बारा मोजले, डोळे उघडले आणि हसत विचारलं, “ऐकलंत ना?”

सगळ्यांनी माना डोलावल्या.

काकांचं हसू तिथेच विरलं. एरवी कोणी कानांवरचे हात काढायचं, कोणी मनगटावरचं घड्याळ लावायचं, एखादं पोर दचकून भोकाड पसरायचं आणि निम्म्यांचं तर लक्षच नसायचं. आज सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आजारी माणसाकडे बघावं तसे. चष्मेवाल्या बाईंनी तर नजर खाली वळवली. काकांनी वर पाहिलं. मनोऱ्याच्या कमानीत उभा राहून एक गवंडी सिमेंटची रिकामी पोती झटकत होता. त्याच्या मागे, घंटा टांगलेली असायची तिथे, नुसतं आभाळ दिसत होतं. घंटा दुरुस्तीला उतरवली होती. ड्रायव्हर सकाळपासून तेच सांगत होता.

साहेब गर्दीतून वाट काढत पुढे आले, अगदी जवळ थांबले आणि काहीतरी बोलले. हळूच बोलले असावेत, चारचौघांत माणसाची लाज राखायला बोलतात तसे. ओठ जेमतेम हलले. हो म्हणावं आणि मोकळं व्हावं, असं काकांना वाटलं. शब्द जिभेवर आलाच होता.

“मोठ्याने बोला, साहेब,” ते म्हणाले. आपला आवाज किती चढलाय, हे त्यांना कळत नव्हतं. “मला ऐकू येत नाही.”

चौकातली माणसं वळून बघायला लागली. काकांनी हात कानामागे धरला आणि ते साहेबांच्या तोंडाशी वाकले.