वसंत म्हणायचं राहिलं

बालवाडीत बावीस वर्षं काढली की माणसाला उभ्या उभ्या चहा प्यायला आणि बसल्या बसल्या झोपायला येतं. चहा मी सगळ्यांदेखत पिते. झोपेचं मात्र त्या शुक्रवारी जमून गेलं आणि अंगाशी आलं.

हिवाळ्याचा आठवडा चालू होता. थंडी पडली की आम्ही कपाटातून चित्रांची पुस्तकं काढतो. खार दाणे साठवते, बेडूक चिखलात शिरतो, ससा पांढरा होतो आणि शुक्रवारी येतं अस्वल. अस्वलाच्या पुस्तकाचं शेवटचं पान केव्हाच गळून गेलंय आणि वसंत नेमका त्याच पानावर होता. म्हणून मी एक खेळ काढला. मुलांनी सतरंजीवर अंगाचं मुटकुळं करून पडायचं. मी ‘हिवाळा आला’ म्हटलं की डोळे बंद. अस्वल बोलत नाही, खात नाही, डोळे उघडत नाही. कुणी कुणाला मधेच उठवायचं नाही, कारण मधेच उठलेलं अस्वल फार दमतं. मी ‘वसंत आला’ म्हणेपर्यंत गुहेबाहेर यायचं नाही. खरं सांगू का, हा खेळ मुलांपेक्षा माझ्याच सोयीचा आहे. चोवीस मुलं दहा मिनिटं गप्प म्हणजे आमच्या धंद्यात चैनच.

घरी वडील अंथरुणाला खिळून आहेत. रात्रीतून चारदा त्यांची कूस बदलावी लागते. भाऊ आहे, तो फोनवरून काळजी करतो. त्याची काळजी मनापासूनची असते, पण तिने कूस बदलली जात नाही. तर त्या शुक्रवारी मी ‘हिवाळा आला’ म्हटलं, मुलं आडवी झाली, मी खुर्चीत टेकले आणि पुढचं मला आठवतं ते एकदम मदतनीस मावशींचा हात खांद्यावर. “अहो बाई, गाडी कधीची आलीय.” मी धडपडत उठले. कुणाची चप्पल, कुणाचं दप्तर, कुणाचा स्वेटर उलटा, कुणी अजून डोळे मिटलेलंच, असं करत सगळ्यांना एकदाचं गाडीत कोंबलं. वसंत म्हणायचं राहून गेलं, आणि ते राहिलंय हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी सकाळी फोन आला. इन्स्पेक्टरच्या आईचा. इन्स्पेक्टर म्हणजे आमच्या वर्गातली साडेचार वर्षांची मुलगी. हात धुवायच्या रांगेत कुणी घुसलं की ही त्याची कॉलर धरते. एकदा सुटी दोन मिनिटं उशिरा संपवली म्हणून तिने मलाही ऐकवलं होतं.

“बाई, काल शाळेत काही झालं का?”

“नाही हो. काय होणार?” उत्तर तोंडातून आपोआप गेलं.

“काल दुपारपासून पोटात कण नाही हिच्या. बोलत नाही. पाणी तेवढं पाजलंय, तेही चमच्याने. डॉक्टर म्हणतात, ताप नाही, घसा साफ आहे. संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही तर दाखल करा, सलाईन लावू. आणि डोळेच उघडत नाही हो. बाथरूमला जाते तीसुद्धा भिंत चाचपत.”

माझ्या हातातला चहा हातातच राहिला.

“अंगाचं मुटकुळं करून पडलीय का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मी येते,” म्हटलं, आणि शेजारच्या काकूंना वडिलांजवळ बसवून निघाले.

बसमध्ये मी एक वाक्य घोकत होते. ‘खेळ अर्धा झाला आणि सुटीची घंटा झाली.’ बरं वाक्य होतं, कुणावर बालंट येत नव्हतं. गेल्या महिन्यात पालकसभेत माझी मान डुलली, तेव्हा मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं होतं, “पुन्हा असं दिसलं तर मग घरीच झोपा.” घरी झोपायला मिळत असतं तर मी शाळेत कशाला झोपले असते, हे काही त्यांना बोलून दाखवता येत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. आईचे केस विंचरलेले नव्हते. पलंगाजवळ दुधाच्या पेल्यावर साय धरली होती. पांघरुणाखाली एक गाठोडं. आईने पडदा सरकवला, तरी गाठोडं हललं नाही. मी घोकलेलं वाक्य म्हटलं. आई ऐकत होती, पण तिचं लक्ष सगळं पलंगाकडे होतं.

मी पलंगावर बसले आणि म्हटलं, “वसंत आला.”

पांघरूण हललं. एक डोळा उघडला, मग दुसरा. आईकडे न बघता ती माझ्याकडे बघायला लागली.

“बाई, तुम्हाला कुणी उठवलं?”

“मला?”

“तुम्ही झोपला होतात. थोडंसं घोरत पण होतात. सगळे उठायला लागले, तर मी शू केलं. पण मावशींनी तुम्हाला मधेच उठवलं.” मावशींची रीतसर तक्रार होती ती. “मग तुम्ही दमला असाल ना?”

“आणि तू? तू का नाही उठलीस?”

“तुम्ही म्हणालाच नाहीत.”

आई पेला हातात धरून उभी होती. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त मी थकले होते. खोटं सांभाळायलाही अंगात त्राण लागतं. “घंटेचं मी खोटं सांगितलं,” मी म्हटलं. “मला वर्गात झोप लागली. घरी वडील आजारी आहेत, पण त्यात हिचा काय दोष.”

“तुमच्या झोपेपायी माझं लेकरू दिवसभर उपाशी राहिलं.”

“हो.”

“मी मोठ्या बाईंना सकाळीच फोन केलाय. सोमवारी चौकशी करणार आहेत.”

“मी खरं तेच सांगेन. तुम्हीही सांगा.”

आईने साय काढून दूध पुन्हा गरम केलं. पोरीने ते एका दमात संपवलं, मग एक केळं, मग चार बिस्किटं. आई समोर बसून एकेक घास मोजल्यासारखी बघत होती. मधेच तिने डोळे पुसले आणि मला ते दिसू नये म्हणून तोंड फिरवलं.

ओठांवर दुधाची मिशी घेऊन इन्स्पेक्टर पलंगावरून उतरली. पांघरूण उघडून धरलं.

“आता तुम्ही. तुमचा हिवाळा अर्धा राहिलाय.”

मी आईकडे पाहिलं. तिचा राग उतरला नव्हता, चेहऱ्यावर दिसत होता. ती उठली, रिकामा पेला उचलला आणि जाता जाता मघाशी उघडलेला पडदा ओढून घेतला.

“दहाच मिनिटं,” ती म्हणाली. “मग मी उठवते.”

“तू नाही उठवायचं,” पोरीने तोंडावर बोट ठेवून तिला दटावलं. “वसंत मी म्हणणार.”

मी चपला काढल्या आणि आडवी झाले. पाय पोटाशी घ्यावे लागले, कारण पलंग साडेचार वर्षांच्या मापाचा होता.