चिमणीचा खरा खोकला

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे, पण दूध-भाजीचा नव्हे. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला, उणे ऐंशी अंशांचा. डोकं थंड ठेवावं असं लोक म्हणतात. मी तर अंतर्बाह्य थंड. नवा होतो तेव्हा चार जण मला कौतुकानं हात लावून गेले. माझ्या पोटात काय ठेवतात हे कळल्यावर मात्र कुणी फिरकलं नाही. माझ्या पोटात बेडके असत. हसू नका.

ते बेडके सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलांचे होते. हा आजार जन्मासोबत येतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्यात छातीतला कफ चिकट होतो आणि जंतू तिथे ठाण मांडतात. आपल्या फुप्फुसात जंतूंना अडवणारी काही प्रथिनं असतात. प्रयोगशाळेतल्या बाई त्यांना 'पहारेकरी' म्हणत. बेडक्यात किती पहारेकरी धड उरलेत हे त्या मोजत, आणि राहिलेला नमुना नळीत घालून माझ्या हवाली करत.

चिमणी पहिल्यांदा आली तेव्हा सहा वर्षांची होती. तिचे बाबा शिंपी. दर तीन महिन्यांनी दोघं येत आणि दर वेळी पहारेकरी कमीच निघत. एकदा बाबांनी विचारलं, "बाई, हे जातात तरी कुठे?"

"जंतूंना मारायला शरीर शिपाई पाठवतं. त्यांच्याकडे कात्रीसारखी द्रव्यं असतात. या आजारात शिपाई फार जमतात, कात्र्या सांडतात, आणि आपलेच पहारेकरी कापले जातात."

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," बाबा म्हणाले. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते चिमणीची पाठ थापटून कफ मोकळा करत. अर्धा तास, न चुकता.

चिमणी दहा वर्षांची असताना एकदा अहवाल आला: पहारेकरी भरपूर. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. "मग आता औषधाची वाफ दोनदाऐवजी एकदा दिली तर चालेल?" त्यांनी विचारलं. बघू, असं डॉक्टर म्हणाले.

बाईंना मात्र चैन पडेना. त्यांनी माझं दार उघडलं, चिमणीच्या चार वर्षांच्या नळ्या काढल्या आणि नव्या नळीशेजारी धरल्या. जुन्या सगळ्या पिवळट-हिरव्या. नवी मात्र स्वच्छ बर्फासारखी. इतकी वर्षं मी ते सगळं जसंच्या तसं राखलं होतं, याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

दोघांना बोलावणं गेलं.

"चिमणे, खरं सांग. खोकून दिलंस की नुसती थुंकलीस?" बाईंनी विचारलं. थुंकीतही पहारेकरी असतात, पण ते तोंडाचे; छातीचे नव्हेत.

चिमणी फ्रॉकच्या शिवणीशी चाळा करत राहिली. "दर वेळी बाबांचा चेहरा पडतो ना," ती म्हणाली. "म्हणून."

 बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "पडू दे की. माझा चेहरा आहे, मी उचलेन. तू खोक, बाळा."

ती खोकली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली. त्या नमुन्यात पहारेकरी नावालाच होते. लगेच तिला दाखल करून औषधं सुरू झाली. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर फुप्फुसाचा एक कोपरा हातचा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. माझं यंत्र धापा टाकतं, म्हणून नमुने नव्या फ्रीजरमध्ये गेले. मी व्हरांड्यात उभा आहे आणि डोक्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे आहेत. ते दिवस मला फार आठवतात. चिमणी उंच झाली आहे. तिच्या तपासणीच्या दिवशी भिंतीपलीकडून तिचा दणदणीत खोकला ऐकू येतो, आणि मला बरं वाटतं.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची निगा राखा, एवढं तर मी म्हणणारच. पण खरं मागणं वेगळं आहे. तुमच्याजवळ कुणी खोकू लागलं तर नाक मुरडू नका, 'पुरे आता' म्हणू नका. थांबा, आणि त्याला पुरतं खोकू द्या.