शालीखालचा अंगठा

"आले, महाराज आले!"

भरतकामाच्या कारखान्यातल्या बायका हातातलं काम टाकून काचेच्या खोलीकडे धावल्या. आत मोठं मशीन चालवणारा जुना कॉम्प्युटर पिकपिक आवाज करत काळ्या पडद्यावर अडून बसला होता. मालक गेले त्यानंतर रोज सकाळी हेच. सुरू झालाच, तर तारीख दाखवायचा कित्येक वर्षांपूर्वीची, आणि मोठी नक्षी काढायला घेतली की मध्येच मान टाकायचा.

महाराजांनी कीबोर्डवर शाल पसरली, आत हात घातला, डोळे मिटून घुमले. पडदा उजळला! बायकांचे हात जोडले गेले.

"मालकांनी काळ मागे फिरवलाय," महाराज म्हणाले. "या यंत्रात ते जिवंत आहेत. ही खोली माझ्या साधनेला द्या, नाहीतर ते कायमचे दुरावतील."

मालकीणबाईंनी मान डोलावली. त्यांची थोरली मुलगी माहेरी आली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची, पण घरात तिचं कोण ऐकणार? रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सकाळी ती पडद्याला नाक लावूनच उभी राहिली. महाराज आले तशी म्हणाली, "आज शालीशिवाय करा."

"पोरी, अविश्वासाची सावली पडली की शक्ती रुसते!"

"माझ्या सावलीने रुसते, आणि शालीच्या सावलीत खुलते?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज घुमले, घामाघूम झाले. पडदा ढिम्म. थोरलीने वाकून एकच बटण दाबलं. पडदा उजळला.

"काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं, सेटिंग पुसली गेली, पुढे जायला एफ-वन दाबा. महाराजांचा अंगठा शालीखाली तेच करत होता."

महाराजांनी शाल गोळा केली आणि वाट धरली. पण आई चिडली. "मग ती तारीख? ती कुणी मागे नेली?"

थोरलीने कॉम्प्युटरचा डबा उघडून नाण्याएवढी बॅटरी काढली. "ही मेली, आई. रात्री मेन स्विच बंद केला की याला काही आठवत नाही. मेमरी किती वेगाने चालवायची तेसुद्धा विसरतो, म्हणून मोठी नक्षी अडायची."

नवी बॅटरी बसली. थोरली सेटिंगच्या निळ्या पानावर गेली, मेमरीचा वेग जुळवला. "चूक सापडली की थांब" हे मात्र तिने चालूच ठेवलं. "थांबतो तो कोपला म्हणून नाही, काय बिघडलंय ते सांगायला."

तारखेपाशी तिची बोटं अडखळली. आई कितीतरी वेळ त्या जुन्या आकड्यांकडे बघत राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "टाक आजची."

मशीन धडधडत सुरू झालं. आई दाराशी जमलेल्या बायकांकडे वळली.

"मला ते परत हवे होते गं, म्हणून मी विचारलंच नाही. तुम्ही विचारत जा. दुःखात तर आधी विचारा."