माकडाच्या ट्रेमधले सात टवके

"हाही माकडाचाच," म्हणत बाईंनी सातवा टवका डावीकडच्या ट्रेमध्ये टाकला, आणि ठोकेमामांनी आपला उजवा हात हळूच खिशात घातला.

संग्रहालयाच्या तळघरात मामा एकतीस वर्षं दगडावर दगड मारत होते. आदिमानवासारखी हत्यारं घडवून अभ्यासकांना द्यायची, ही त्यांची नोकरी. "त्याला पेन्शन नव्हती, मला आहे, बाकी काम तेच," असं ते सांगत. शेजारच्या कपाटात माकडांनी फोडलेले दगड होते. माकड दगड आपटतं, टवके उडतात, पण त्यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. माणूस आधी कड हेरतो, कोन धरतो आणि मग नेमका तिथेच घाव घालतो.

संशोधन करणाऱ्या बाई आज मामांचे आणि माकडांचे टवके मिसळून, नुसत्या नजरेनं वेगळे करत होत्या. कुठल्या नंबराचा टवका कोणाचा, हे मामांच्या वहीत होतं.

"एकाच जागी चार-चार ठोके, मामा! कडेचा पत्ता नाही. माकडाची अक्कल, दुसरं काय!"

"हो ना," मामा म्हणाले.

घरी बायकोनं महिन्यापूर्वीच कप अर्धा भरून द्यायला सुरुवात केली होती. विचारलं मात्र काही नव्हतं. इथे कळलं, तर मामांची रवानगी दारावर, लोकांच्या छत्र्या सांभाळायला. टवके माकडाच्या नावावर खपवायचे, तर माकडाची काही हरकत नव्हती.

"चला, वाचा. एकशे चार?"

मामांनी वही उघडली. बराच वेळ बघितली.

"माणूस."

"काय सांगता! एकशे पाच?"

"माणूस. सातही माणसाचेच, बाई."

"अहो, कुठल्या आंधळ्या माणसानं—"

मामांनी हात खिशातून काढून वहीवर ठेवला. पान फडफडू लागलं.

बाईंनी सातही टवके उजवीकडच्या, माणसाच्या ट्रेमध्ये ठेवायला उचलले.

"राहू द्या," मामा म्हणाले. "तुम्हाला जसे दिसले तसेच लिहा. नाहीतर एवढा खटाटोप कशाला?"

मग मामांनी ड्रॉवरमधून आपला ठोकायचा गोटा काढला. अंगठ्याच्या जागी त्याला गुळगुळीत खळगा पडला होता. आता तोही इतर दगडांसारखा कपाटात जमा व्हायचा, तर आधी त्यावर नंबर घालायला हवा होता. पेन दोनदा घसरलं.

तिसऱ्यांदा बाईंनी गोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि दुसरीकडे बघत राहिल्या.