एदुविहेस मावशीचं तिउसिंते

बस इथं, ओलांचोतल्या आमच्या डोंगरावरची एक गोष्ट सांगतो. निकानोर मालकाच्या गाई तिउसिंते नावाच्या, ताडासारख्या झाडाची पानं खाऊन मागच्या पायांनी लुळ्या पडल्या. तो कुऱ्हाडवाले घेऊन आला. "ही विषारी झाडं सगळी तोडा!"

एदुविहेस मावशी झाडाला पाठ लावून बसली.

"अरे निकानोर, याच्या बिया आम्ही राखेच्या पाण्यात उकळतो, धू-धू धुतो, मग भाकरी थापतो. तुझ्या गाईंनी कच्चा पालाच हादडला, त्यात झाडाचा काय गुन्हा? गाई या देशात आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून हे इथं उभं आहे."

"ऊठ म्हातारे, नाहीतर पेटवून देईन."

"पेटव! जळकं खोड पावसात पुन्हा पालवतं. पण आधी खाली कबरस्तानात जा. तुझ्या आईच्या क्रुसाला मी याचीच पानं बांधलीत. ती तुझ्या हातानं उपट, मग इथं घाव घाल."

कुऱ्हाडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्याही आया तिथंच, याच पानांच्या क्रुसाखाली निजल्या होत्या. कुऱ्हाडी खांद्यावर टाकून ते निघून गेले. मालक एकटाच राहिला, गाईंना कुंपण घालायला.

या बिया घे बाबा, तुझ्या डोंगरात पेर. आणि कुणी तोडायला आलं, तर जागचा उठू नकोस.