कडुलिंबाखालचा पाऊस

नीळकंठ गुरुजींचा एक स्वभाव होता. दुसऱ्याने सांगितलेलं त्यांना कधी पटत नसे. डोणगावच्या शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा एखादं पोरगं ‘मालूम नाही’ म्हणालं, तर गुरुजी त्याला मारत नसत की रागावत नसत. ‘मग जाऊन पाहून ये,’ एवढंच म्हणत. पोरगं मुंग्यांचं वारूळ पाहून येई, डबक्यातली बेडकाची अंडी पाहून येई आणि त्या निमित्ताने गणिताचा तासही बुडवून येई. गुरुजी निवृत्त झाले, पोरं गेली, पण जित्याची खोड जाते कुठे.

वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी पदरमोड करून नागपूरहून एक पर्जन्यमापक मागवला आणि घरामागच्या अंगणात छोटा ओटा बांधून त्यावर बसवला. भिंतीपासून दूर, झाडापासून दूर, आभाळ मोकळं असेल अशा जागी. हा नियम ते दरवर्षी सातवीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवत आले होते, तेव्हा स्वतः चुकणार कसे? पावसाळ्यात रोज सकाळी ते तिथे जात, खाली वाकत, डब्यातलं पाणी मापाच्या नळीत ओतत, डोळ्यासमोर धरून आकडा घेत आणि तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहीत. त्यामुळे शैलजाबाईंना दुधाचा हिशेब भिंतीवरच पेन्सिलीने मांडावा लागे. जुनी कॅलेंडरं टाकायची नाहीत असा हुकूम होता. ती सगळी एकाच खिळ्यावर लटकत राहिली आणि एके दिवशी खिळ्यासकट खाली आली, तेव्हा त्यांना लोखंडी हूक मिळाला.

एवढ्या वर्षांच्या कष्टातून गुरुजींना एक शोध लागला होता. डोणगावचा पाऊस कमी होत चालला होता. एखाद्या साली कमी झाला आणि पुढच्या साली भरून निघाला असं नाही. थोडाथोडा, पण नेमाने. महसूल मंडळाच्या गावी बसवलेल्या सरकारी पर्जन्ययंत्राचे आकडे मात्र कधी वर, कधी खाली असे नाचत. त्यावर गुरुजींचं उत्तर तयार असे. यंत्राला डोळे नसतात, मी स्वतः पाहतो. पारावर हे वाक्य ऐकून लोक माना डोलवत, कारण पाऊस कमी झाला आहे हे कुणालाही कधीही पटतं.

सगळ्यात जास्त पटलं ते रज्जाकला. रज्जाक गुरुजींचा विद्यार्थी आणि आता मागच्या दाराचा शेजारी. गावाबाहेर चढाच्या मुरमाड जमिनीत त्याच्या अब्बांनी लावलेली संत्र्याची बाग होती. दोन वर्षं बहार नीट धरला नाही, तेव्हा तो विचारायला आला. गुरुजींनी हुकावरची कॅलेंडरं उतरवून त्याच्यापुढे पसरली आणि बोट ठेवून एकेक वर्ष दाखवलं. संत्र्याचे दिवस इथून गेले, असं सांगितलं. रज्जाकने वर्षभर कुणाशी काही बोलणं काढलं नाही. मग यंदा पोळा झाल्यावर त्याने ठरवलं, बाग काढायची आणि हरभरा पेरायचा. जेसीबी सांगून ठेवला. सलीमाने, त्याच्या बायकोने, एकदा विचारलं की दुसऱ्या कुणाला विचारून पाहायचं का. गुरुजींनी स्वतः पाहिलं आहे, आता आणखी कुणाला विचारायचं, असं म्हणून त्याने तो विषय मिटवला.

जेसीबी यायच्या आदल्या दुपारी एक सर आली. गुरुजी मागच्या पडवीत चहा घेत बसले होते. सर आली तशा सलीमाच्या शेळ्या कुंपणाच्या फटीतून आत शिरल्या आणि नेहमीप्रमाणे पर्जन्यमापकाला खेटून उभ्या राहिल्या. शेळ्यांना हीच जागा का आवडते हे गुरुजींना कधी कळलं नव्हतं. पाऊस आला की त्या यायच्या आणि डबा पाडतील म्हणून गुरुजी काठी घेऊन त्यांच्यामागे लागायचे, हा दरसालचा खेळ होता. आजही ते छत्री उघडून निघाले. छत्रीवर पाऊस ताडताड वाजत होता. शेळ्यांजवळ पोहोचले आणि आवाज जवळजवळ थांबला.

गुरुजी दोन पावलं मागे आले. छत्री वाजू लागली. पुन्हा पुढे गेले. छत्री गप्प.

मग त्यांनी वर पाहिलं. वर कडुलिंब होता. तो कुणी लावला नव्हता. ओटा बांधल्यावर वर्षा-दोन वर्षांत कधीतरी पाखराने टाकलेल्या लिंबोळीचं रोप आलं, आणि दुपारच्या सावलीला होईल म्हणून शैलजाबाईंनी ते राखलं. दरवर्षी थोडंथोडं, पण नेमाने, ते वाढत गेलं. एवढी वर्षं गुरुजी रोज त्याच्याखाली वाकत होते आणि नळीतलं पाणी डोळ्याला लावून पाहत होते.

शैलजाबाई दारात आल्या आणि भिजत काय करून राह्यले म्हणून विचारू लागल्या. गुरुजींनी त्यांच्याकडून तुपाचे दोन सारखे रिकामे डबे मागून घेतले. एक लिंबाखाली ठेवला, एक गच्चीवर. सर ओसरल्यावर दोन्ही डब्यांतलं पाणी मोजलं. लिंबाखालच्या डब्यात गच्चीवरच्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त भरलं.

“शेळ्यायले सांगा लागत नाही,” शैलजाबाई म्हणाल्या. त्यांच्या मनात टोचायचं नव्हतं, पण ते टोचलं.

खरं तर तेव्हाच उठून रज्जाककडे जायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं. पण गुरुजींना आपलाच एक धडा आठवला. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये. आणखी दोन-चार सरी पाहाव्यात, मग बोलावं. धडा खरा होता, आणि त्या दुपारी तो फार सोयीचाही होता. आपण वीस वर्षं पाऊस मोजलाच नाही, एका झाडाची वाढ मोजली, आणि ती मात्र अगदी चोख मोजली, हे शेजाऱ्याच्या तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती. त्यांना लाज वाटली, आणि लाजेने त्यांना घरात बसवून ठेवलं.

सकाळी जेसीबीची घरघर ऐकू आली तेव्हा ते अनवाणीच निघाले. बागेपाशी पोहोचेपर्यंत रस्त्याकडची अख्खी ओळ उपटून झाली होती. मुळं वर आणि हिरवी फळं मातीत, अशी झाडं आडवी पडली होती. गुरुजींनी हात वर केले तसा चालकाने जेसीबी थांबवला. रज्जाक जवळ आला. गुरुजींनी सगळं सांगितलं, शेळ्यांपासून तुपाच्या डब्यांपर्यंत, आणि हे काल दुपारीच कळलं होतं हेसुद्धा.

रज्जाकने मातीतलं एक हिरवं फळ उचललं.

“म्हणजे पाऊस कमी नाही झाला?” त्याने विचारलं.

“तसं नाही सांगता येत. झालाही असंल.”

“मंग किती पडून राह्यला, गुरुजी?”

आयुष्यात पहिल्यांदा गुरुजी तो शब्द बोलले.

“मले मालूम नाही, रज्जाक.”

रज्जाक रागावेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं असतं तर बरं वाटलं असतं. रज्जाकने जेसीबीवाल्याकडे वळून त्याला परत जायला सांगितलं, अर्ध्या दिवसाचं भाडं घेऊन जा म्हणाला, आणि उरलेल्या बागेतून एक चक्कर मारून आला.

“मालूम कधी होईन?”

गुरुजींनी खरं तेच सांगितलं. दहा वर्षं तरी रोज पाहावं लागेल, त्याआधी सांगणारा थापा मारेल. आपण तेवढे पुरू याचा भरवसा नाही, हेही सांगितलं.

“थे यंत्र घेऊन या,” रज्जाक म्हणाला. “तुमच्यानं नाही झालं तं मी पाहीन.”

गुरुजी घरी गेले आणि पर्जन्यमापक उचलून घेऊन आले. बागेत कुठे बसवावा म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. बांधावर बाभळी होत्या, विहिरीपाशी आंबा. रज्जाकने त्यांचा हात धरून त्यांना उपटलेल्या ओळीच्या मधोमध आणलं. तिथे एका झाडाचा खड्डा होता, त्यातली माती अजून ओली होती. त्याने पायाने माती ढकलून खड्डा बुजवला आणि जागा दाबून सपाट केली.

“हितं लावा,” तो म्हणाला. “हितं आता झाड नाही.”

गुरुजींनी डबा ठेवला, सरळ केला. मग कमरेवर हात ठेवून, खाली न पाहता, आधी वर पाहिलं. वर काहीच नव्हतं.